जित्याची खोड

'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' ही म्हण ज्याने प्रथम काढली, त्याचे कुणाकडे तरी बरेच उसने पैसे अडकले असले पाहिजेत, अशी मला दाट शंका आहे. एरवी इतक्या कडूपणाने माणसाचा कायमचा निकाल कोण लावील? आणि गंमत अशी की, ही म्हण तोंडावर फेकणारा गृहस्थच कीर्तनाला बसला म्हणजे वाल्या कोळ्याच्या कथेला डोळे पुसतो. वाटमाऱ्या वाल्याचा वाल्मीकी झाला हे त्याला पटते. पण शेजारचा पोरगा दारू सोडून नेमाने कामावर जाऊ लागला, हे काही केल्या पटत नाही. वाल्मीकी आपल्या आळीत राहत नव्हता, एवढाच काय तो फरक!

हा विषय आज काढायचे कारण फुटबॉल. नाकाडोंगरीसारख्या धानाच्या आणि जंगलाच्या मुलखात फुटबॉल कुठून आला, असे वाचक विचारतील. तुमसर तालुक्यातले हे आमचे गाव. एका अंगाला मध्य प्रदेशाची सीमा, दुसऱ्या अंगाला डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण. खेळ म्हणाल तर इथे कबड्डीचा मान मोठा. परंतु हातात मोबाइल आल्यापासून इथला पोरगाही मध्यरात्री इंग्लंडातला सामना पाहतो आणि सकाळी चहाच्या टपरीवर त्याची चिरफाड करतो. कोणता खेळाडू दारूत बुडाला, कोण कुणाला चावला, कोण तुरुंगाची हवा खाऊन आला, हे सारे त्याला तोंडपाठ असते. मग वादाला तोंड फुटते. असा बिघडलेला धंदेवाईक खेळाडू खरोखर सुधारतो का? की नवा करार, नवा सदरा आणि आत खोड मात्र जुनीच?

प्रश्न टपरीवरचा असला तरी हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तेव्हा वाचकहो, चार साक्षीदार तपासू आणि मग निकालाकडे वळू.

पहिला साक्षीदार जॉर्ज बेस्ट. जन्म १९४६, गाव उत्तर आयर्लंडमधले बेलफास्ट. या पोराच्या पायात काय जादू होती हे जुने लोक अजून सांगतात. १९६८ साली मँचेस्टर युनायटेडने युरोपियन कप जिंकला. त्या अंतिम सामन्यात जादा वेळेत याने केलेला गोल पुष्कळांच्या आठवणीत आहे. त्याच वर्षी युरोपातला सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटू म्हणून त्याचा गौरव झाला. वय अवघे बावीस! पुढे सव्वीस-सत्ताविसाव्या वर्षी, जेव्हा खेळाडू खरा भरात यायचा, तेव्हा १९७४ च्या आरंभी त्याने युनायटेड सोडले. नंतर या देशातून त्या देशात, या संघातून त्या संघात भटकंती सुरू झाली आणि दारू सोबतीला राहिली. १९८४ साली दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल आणि पोलिसावर हात टाकल्याबद्दल तुरुंगाची शिक्षा झाली. २००२ साली डॉक्टरांनी दुसऱ्याचे यकृत बसवून त्याला मरणाच्या दारातून परत आणले. आता तरी? नाही. पुन्हा प्याला हातात आला. २००४ साली दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा पुन्हा शाबीत झाला. आणि २५ नोव्हेंबर २००५ रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, तो गेला.

म्हण सांगणारे इथे मांडी थोपटतील. 'पाहा! मेल्यावरच गेली की नाही खोड?' परंतु घाई करू नका. बेस्टची गोष्ट सांगताना त्याच्याभोवतीची माणसे आपण विसरतो. मोठ्या खेळाडूला आपल्या हाताने पेला भरून देण्यात धन्यता मानणारे सगळ्या देशांत असतात. ज्यांनी त्याच्या अंत्ययात्रेला बेलफास्टच्या रस्त्यावर गर्दी केली, त्यांचे प्रेम खोटे नव्हते. पण प्रेम आणि राखण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आपल्याकडेही रंगात आलेल्या गवयाला, नटाला, पहिलवानाला लोक असेच 'एक घोट माझ्याकडून' करीत बुडवतात आणि तो बुडाला की तेच लोक काठावर उभे राहून म्हणी सांगतात.

दुसरा साक्षीदार टोनी ॲडम्स. हा लंडनच्या आर्सेनल क्लबाचा बचावपटू. १९८८ साली एकविसाव्या वर्षी तो क्लबाचा कर्णधार झाला. १९८९ साली त्याच्या संघाने लीगचे अजिंक्यपद मिळवले. आणि या सगळ्या काळात गडी बेसुमार पीत होता! १९९० साली नशेत गाडी आदळली. त्या वर्षाच्या डिसेंबरात त्याला चार महिन्यांची शिक्षा झाली. सुमारे दोन महिने आत काढून तो बाहेर आला, पुन्हा मैदानात उतरला आणि १९९१ साली आर्सेनलने पुन्हा लीग जिंकली. वर्तमानपत्रे वाचणाऱ्याला वाटावे की, छान! शिक्षा भोगली, धडा घेतला, कप जिंकला, माणूस सुधारला!

माणूस सुधारला नव्हता. तुरुंगातून बाहेर आल्यावरही पाच-साडेपाच वर्षे त्याचे पिणे चालूच होते. कप जिंकणारे पाय आणि पेला उचलणारा हात एकाच माणसाचे असू शकतात, हे यातले शिकण्यासारखे आहे. खेळ चांगला चालला आहे म्हणून माणूस ठीक आहे, हे अनुमान चूक. मैदानातला हिशेब निराळा, घरातला निराळा.

मग त्याची खोड सुटली कशी? १९९६ च्या उन्हाळ्यात युरोपियन स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात इंग्लंड जर्मनीकडून हरले. ॲडम्स त्या संघाचा कर्णधार. त्यानंतर कित्येक आठवडे तो दारूत बुडून राहिला. आणि त्याच ऑगस्टात थांबला. सप्टेंबरात त्याने आपल्या संघातल्या सोबत्यांना बसवून सरळ सांगितले की, मी दारूडा आहे. एवढेच वाक्य. न्यायाधीशाने त्याला गुन्हेगार म्हटले होते, तेव्हा काही फरक पडला नव्हता. स्वतःच्या तोंडाने स्वतःला दारूडा म्हटले, तेव्हा पडला. त्यानंतर १९९८ साली आणि पुन्हा २००२ साली त्याच्या आर्सेनलने लीग व एफ. ए. कप दोन्ही जिंकले. परंतु माझ्या मते त्या कपांपेक्षा मोठी गोष्ट २००० साली घडली. व्यसनात सापडलेल्या खेळाडूंना हात देण्यासाठी त्याने 'स्पोर्टिंग चान्स' नावाची संस्था काढली. जो खड्ड्यात पडला होता, तो खड्ड्याच्या काठावर कंदील घेऊन बसला!

तिसरा साक्षीदार जरा चमत्कारिक आहे. उरुग्वेचा लुइस सुआरेझ. गोल करण्यात वाघ, आणि दुर्दैवाने चावण्यातही! २०१० साली हॉलंडमध्ये एका प्रतिस्पर्ध्याला चावला, सात सामन्यांची बंदी आली. २०१३ साली इंग्लंडात दुसऱ्याला चावला, दहा सामन्यांची बंदी आली. २०१४ च्या विश्वचषकात इटलीच्या किएलिनीच्या खांद्यात दात रोवले. तेव्हा चार महिने फुटबॉल बंद आणि देशाकडून नऊ सामने बंद. दाताच्या बाबतीत तरी जित्याची खोड खरी ठरणार असे जगाने धरून चालले होते. पण नंतर तो बार्सिलोनाकडून वर्षानुवर्षे खेळला, खोऱ्याने गोल केले आणि चावण्याबद्दलची चौथी शिक्षा काही त्याच्यावर आली नाही. म्हणजे सुधारला? थांबा. २०२५ साली अमेरिकेत एक अंतिम सामना हरल्यावर तो समोरच्या संघाच्या माणसावर थुंकला आणि पुन्हा बंदी घेऊन बसला. वय अडतीस! आता याला काय म्हणावे? दात आवरले, थुंकी आवरली नाही. चेष्टा सोडा; पण पुष्कळ माणसांची सुधारणा अशीच असते. एक दार बंद होते, तोवर दुसरी खिडकी उघडी राहते. अशा माणसाला संतही म्हणता येत नाही आणि 'कुत्र्याचे शेपूट' म्हणून सोडूनही देता येत नाही.

हे झाले परदेशचे नवलाख पगाराचे खेळाडू. चौथा साक्षीदार मात्र आपला, विदर्भातला. आमच्या गावाहून तुमसर रोडला जाऊन गाडी धरली की काही तासांत गाठता येईल अशा नागपूरचा. त्याच्या खेळाला पगार नव्हता, करार नव्हता. म्हणून त्याची साक्ष मला अधिक वजनदार वाटते.

२००१ सालची गोष्ट. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी एका पावसाळी दिवशी झोपडपट्टीतली पोरे मोडकी बादली लाथाडीत खेळताना पाहिली. बादलीच्या जागी चेंडू दिला तर काय होईल, या एका विचारातून त्यांचे 'झोपडपट्टी फुटबॉल' उभे राहिले. तेच पुढे 'स्लम सॉकर' म्हणून जगभर गाजले. त्या पोरांमध्ये अखिलेश पॉल हा एक होता. गुन्हेगारी, नशा, जुगार, पोलिसांपासून तोंड लपवत फिरणे, या सगळ्या वाटा लहान वयातच त्याच्या पायाखालून गेल्या होत्या. हे कुणी त्याच्या पाठीमागे कुजबुजलेले नाही. २०१४ साली 'सत्यमेव जयते' या दूरदर्शनवरच्या कार्यक्रमात त्यानेच सगळ्या देशासमोर बसून सांगितले. हाच पोरगा २०१० साली रिओ द जानेरो येथे भारताचा कर्णधार म्हणून उतरला. स्पर्धा होती बेघरांच्या विश्वचषकाची.

या स्पर्धेचा एक नियम फार विचार करण्यासारखा आहे. २००३ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरी ती सुरू झाली. छोटे मैदान, एका बाजूला चार खेळाडू, आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव. नियम असा की, कोणत्याही खेळाडूला या स्पर्धेत आयुष्यात एकदाच खेळता येते. पुन्हा नाही! कितीही गोल करा, पुढच्या वर्षी तुमची जागा दुसऱ्या बेघराला. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला हा नियम कठोर वाटला. मागून त्यातले शहाणपण ध्यानात आले. विमान, परदेश, राष्ट्रगीत, टाळ्या हे सगळे एकदाच मिळणार. मग परत यायचे त्याच वस्तीत, त्याच गल्लीत, त्याच जुन्या मित्रांत. खरा सामना तिथून पुढे सुरू होतो आणि त्याला प्रेक्षक नसतात. अखिलेशचे मोठेपण रिओच्या वाळूवरच्या मैदानात मी पाहत नाही. परत आल्यावर तो वस्तीतल्या पोरांना खेळ शिकवण्याच्या कामाला लागला, तिथे पाहतो. लंडनच्या ॲडम्सने संस्था काढली, नागपूरच्या अखिलेशने पोरे हाताशी धरली. दोघांनी केले एकच.

या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दिवाळीचा अंक आहे म्हणून ती झाकून ठेवणे बरे नव्हे. बारसे यांच्या कामावरून नागराज मंजुळे यांनी 'झुंड' हा चित्रपट काढला. २०२२ च्या मार्चात तो पडद्यावर आला; अमिताभ बच्चन यांच्याबरोबर नागपूरच्या वस्त्यांतली पोरे त्यात खेळली. सगळ्या देशाने टाळ्या वाजवल्या. पुढे त्यांतल्याच एका तरुणाला चोरीच्या आरोपावरून अटक झाल्याची बातमी आली. आणि २०२५ च्या ऑक्टोबरात, दिवाळी तोंडावर आलेली असताना, नागपुरातच त्याचा खून झाला. वय जेमतेम एकवीस. का, कसे, दोष कुणाचा, हे न्यायालय ठरवील. आपण त्या आईबापांच्या दुःखावर प्रवचन करू नये. मला एवढेच दिसते की, पडद्यावरच्या टाळ्या एका शुक्रवारी वाजतात आणि पुढचे सगळे वार माणसाला एकट्याने काढावे लागतात. प्रसिद्धी ही काही राखण नव्हे.

आता साक्षी पुऱ्या झाल्या. निकाल काय?

आपली गफलत होते ती अशी की, आपल्याला निकाल एका दिवसात हवा असतो. खेळाडूने हात जोडून माफी मागितली, डोळ्यांत पाणी आणले, परत येऊन गोल केला की आपण जाहीर करतो, 'सुधारला!' आणि महिन्याभराने तो पुन्हा घसरला की तितक्याच उत्साहाने म्हणतो, 'मी म्हटले नव्हते?' वाल्याच्या कथेतही आपण शेवटचा वाल्मीकीच लक्षात ठेवतो. अंगावर वारूळ चढेपर्यंतची मधली वर्षे विसरतो. त्या वर्षांत वाटेने जाणाऱ्या लोकांनी काय म्हटले असेल? 'बसलाय लेकाचा, उठेल आणि पुन्हा कुऱ्हाड घेईल.' असेच म्हटले असणार! व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर 'सुधारणे' या क्रियापदाचा पूर्ण भूतकाळ माणूस जिवंत असेपर्यंत वापरता येत नाही. त्याला एकच काळ शोभतो, अपूर्ण वर्तमानकाळ. ॲडम्सदेखील 'सुधारलेला' नाही. तो रोज सुधारतो आहे.

हे सगळे पुस्तकी वाटेल, म्हणून गावातले एक उदाहरण सांगतो. आमच्याकडे भाऊबीज आटोपली की गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार, रात्री नाटक, आणि कुठे कुठे कबड्डीचे सामने. गेल्या खेपेला आमच्या भागातल्या एका संघात मोठा वाद माजला. संघातला एक चपळ गडी शेतातली मोटारपंपाची तार चोरल्यापायी काही महिने आत जाऊन सुटून आला होता. पोरांना तो संघात हवा होता. म्हाताऱ्यांनी पान थुंकून विचारले, 'सुधरते का जी असा मानूस?' पोरे म्हणाली, 'चढाई तर पाहा ना जी त्याची!' मला दोन्ही बाजू चुकल्यासारख्या वाटल्या. म्हातारे त्याचा जुना दिवस पाहत होते, पोरे त्याचा खेळ पाहत होती. आज तो सकाळी किती वाजता उठतो, कुठे कामाला जातो, संध्याकाळी कुणाबरोबर बसतो, हे कुणी पाहत नव्हते. आणि ज्याची तार गेली, ज्याचे उन्हाळी धान पाण्यावाचून वाळले, त्या शेतकऱ्याला तर कुणी विचारलेच नव्हते!

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. गुन्हेगाराला दुसरी संधी द्या असे आपण मोठ्या मनाने म्हणतो, तेव्हा नुकसान बहुधा दुसऱ्याचे झालेले असते. दुसऱ्याच्या खिशातून औदार्य दाखवणे सोपे. जॉर्ज बेस्टच्या गाडीखाली आपले पोर आले असते तर आपण त्याचे गोल मोजत बसलो असतो काय? तेव्हा ज्याचे नुकसान झाले, त्याच्या दाराशी आधी गेले पाहिजे. त्याने क्षमा करावी अशी सक्ती नाही. पण दाराशी गेल्याशिवाय मैदानात उतरणे खरे नाही.

कायद्याने या बाबतीत आपल्यापेक्षा अधिक धीर दाखवला आहे. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याने न्यायाधीशाला मुभा दिली की, योग्य वाटल्यास गुन्हेगाराला तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडावे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात तर अठरा वर्षांच्या आतल्या मुलाच्या गुन्ह्याचा डाग पुढे त्याच्या नोकरीधंद्याला आडवा येऊ नये आणि ठरलेल्या मुदतीनंतर त्याच्या नोंदी नष्ट कराव्यात अशी तरतूद आहे. अतिशय गंभीर गुन्ह्यांचा अपवाद वेगळा. सरकारी कागद फाटतो. गावाच्या तोंडातला कागद मात्र फाटत नाही. तो लग्नात, बैठकीत, मजुरी ठरवताना पुन्हापुन्हा वाचला जातो. आणि मग त्या पोराला त्याची जुनी मंडळीच जवळची वाटतात, कारण तिथे कुणी कागद वाचत नाही.

त्या गड्याबद्दल माझे मत मी तेव्हाच सांगितले होते. त्याला संघात घ्या. पण एकदम कप्तान करू नका आणि वर्गणीची पेटीही त्याच्याकडे देऊ नका. सरावाला रोज येतो का पाहा. चुकून एक दिवस आला नाही तर म्हण सांगू नका, घरी जाऊन या. जागा द्यावी, आणि नजरही ठेवावी. पहिल्याशिवाय दुसरी म्हणजे छळ, आणि दुसरीशिवाय पहिली म्हणजे भाबडेपणा. विजय बारसे यांनी नागपुरात दुसरे काय केले? चेंडू दिला आणि रोज संध्याकाळी पोर आले की नाही ते मोजले. सुधारणेचे सगळे तत्त्वज्ञान त्या हजेरीत आहे.

धानाचा शेतकरी हे कुणी न सांगता जाणतो. बांधीचा धुरा एकदा घातला म्हणजे जन्माचे काम झाले असे होत नाही. पहिल्या जोराच्या पावसात तो कुठे खचतो, कुठे खेकडा बीळ पाडतो, आणि एका बोटाएवढ्या भोकातून रातोरात सगळी बांधी रिकामी होते. म्हणून रोवणीच्या दिवसांत तो फावडे खांद्यावर टाकून रोज धुऱ्याधुऱ्याने फिरतो, भोक दिसले की चिखल थापतो आणि पुढे जातो. दरवर्षी हेच. धुरा फुटला म्हणून जमीन विकून टाकणारा शेतकरी मी पाहिला नाही. आणि यंदा फुटला नाही म्हणून पुढच्या साली फावडे घरी ठेवणाराही पाहिला नाही.

म्हणून टपरीवरच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. बिघडलेला खेळाडू सुधारतो. परंतु एकटा नाही, एका दिवसात नाही, आणि एकदाच नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही हे घटकाभर मान्य करू. पण माणूस जिता आहे तोवर फावडे चालवता येते, हेही त्याच म्हणीत आले आहे. ज्याने म्हण काढली, त्याचे उसने पैसेही कदाचित परत मिळाले असतील. फक्त ते त्याने कुणाला सांगितले नसावे.